पारोशा तोंडाने चहा, की आधी ब्रश? तुमच्या घरचा अनुभव सांगा

आमच्याकडे रोज सकाळी हाच विषय. सासूबाई म्हणतात, तोंड धुतल्याशिवाय घोटभर चहासुद्धा नाही. नवऱ्याला डोळे उघडले की चहा लागतो, आणि दात नाश्ता झाल्यावर, दुकानात निघताना. आठ वर्षांची मुलगी विचारते, "आई, मी कुणाचं ऐकू?" मागच्या आठवड्यात तिची किडलेली दाढ भरून आणली, तेव्हापासून मलाही नीट उत्तर हवंय. तुमच्याकडे काय पद्धत आहे, आणि दातांवर त्याचा काय परिणाम झाला, ते लिहा.
– जुळे सोलापूर

मी नंतर घासणाऱ्यांतला. वजन उतरवायचं म्हणून सकाळी कोमट पाण्यात लिंबू प्यायचो आणि लगेच ब्रश, तोही जोर लावून. दीडेक वर्षात सुळ्याजवळ कळ यायला लागली. आपल्याकडचा मे महिना, आणि मला माठातलं पाणी पिता येईना! डॉक्टरांनी आरसा हातात दिला. हिरडीलगत दातावर खाच पडली होती, नख फिरवलं की अडकायचं. ते म्हणाले, तोंडात आम्ल वाढून सामू (pH) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात, कवच मऊ पडतं. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण तिला अर्धा-एक तास तरी द्यायला हवा. मी नेमका त्याच वेळात खसाखसा घासत होतो. खाच भरून घेतली, लिंबू बंद केलं. आता उठल्यावर आधी ब्रश, मऊ दातांचा. नाश्त्यानंतर फक्त खळखळून चूळ.
– होटगी रोड

माझी आजी विड्या वळायची. पहाटे तव्यावरची मिश्री बोटावर घेऊन दात घासायची, मगच चहा. म्हणजे आमच्याकडे 'आधी'चाच नियम. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. सकाळचं एकदा करता करता दिवसातून पाच वेळा झालं, कारण ती लावल्याशिवाय आजीचं डोकं दुखायचं. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. वेळेवर दाखवलं म्हणून बरं झालं. मिश्री सुटायला मात्र दोन वर्षं लागली. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण ज्यांच्या घरी आई-आजी अजून मिश्री लावतात त्यांनी आधी ती सोडवा. अगदी कळकळीने सांगते.
– पूर्व भाग

दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून थोडं सविस्तर. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रभर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. सकाळी तोंडात गोड चहा गेला की हेच जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. आधी घासलं तर थर निघतो आणि पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड दातावर बसतं. म्हणून सासूबाईंचं ऐका. नंतरच घासायचं असेल तर तासभर थांबा. शेंगाचटणी-भाकरी दातांत अडकतेच, ती चूळ भरून काढा. मुलीच्या पेस्टवर फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास आहे का बघा. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, दोन मिनिटं घासायचं. आणि ती रात्री झोपताना घासते का? दाढ किडलेली पोरं येतात तेव्हा बहुतेकांचं रात्रीचंच राहिलेलं असतं.
– विजापूर रोड

वरच्यात एक भर. घासून झाल्यावर पेस्ट नुसती थुंकायची, चुळांवर चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड धुऊन जात नाही. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे ही सवय सोपी गेली. अर्धा तांब्या पुरतो.
– शेळगी

मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. माझी सकाळ कुठली धरायची? रात्रभर जाग यावी म्हणून पाच-सहा गोड चहा. आठला घरी आलो की भाकरी खाऊन तसाच आडवा व्हायचो. संध्याकाळी उठलो की दात घासायचो, म्हणजे नियमाप्रमाणे 'आधी'च. तरी तीन दाढा गेल्या. माझी रात्र दिवसा होते, हे मला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. आता कामावरून आलो की पहिलं जेवण. मग थोडं थांबून, पोरगी शाळेला निघायच्या आधी, दोघं मोरीत शेजारी उभे राहून घासतो. ती नाश्त्याआधी, मी झोपेआधी.
– अक्कलकोट रोड