मदत हवी आहे : क्राऊन ४१/७ ठेवू की ४१/६ बसवू?
नमस्कार मंडळी. माझी जुनी सहाटायरी गाडी रत्नागिरीहून जांभा चिरा भरून आंबा घाटातून कोल्हापूरला जाते, परतताना बहुधा रिकामी. सध्या क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी) ४१/७, म्हणजे ४१ आणि ७ दाते, रेशो ५.८६. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरलाही दमते. वळणावर थांबवून पुन्हा उचलताना क्लच जळल्याचा वास येतो, तेव्हा जीव टांगणीला लागतो.

मिस्त्री म्हणतात, ४१/६ घाल. रेशो ६.८३ होईल, ओढ वाढेल हे पटतं. पण त्याच वेगाला इंजिन सुमारे १७ टक्के जास्त फिरणार. मग सपाटीला डिझेल किती जास्त जाईल? घाट तर फेरीतला थोडाच भाग.

कुणी हा बदल केलाय का? आधीचं-नंतरचं ॲव्हरेज कृपया सांगा. रेशो बदलल्यावर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल, त्याचं काय केलंत?