माळवद पाडताना सिनेमाच्या जाहिरातीच्या जुन्या काचा सापडल्यात, कशा जपायच्या?

गंगाकाठचा_गडी:

नमस्कार मंडळी. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलूच्या अलीकडं. मागच्या महिन्यात जुनं माळवद पाडायला काढलं, स्लॅब टाकायचाय, तर आतल्या खोलीच्या देवळीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. मला वाटलं आजोबांनी काही पैसाअडका ठेवलाय की काय. उघडलं तर काचा. २३ काचा, तळहाताएवढ्या, कडेनं काळी कागदी पट्टी चिकटवलेल्या, अन् प्रत्येकीवर रंगवलेली जाहिरात. आमचे आजोबा पेंटर होते, दुकानाच्या पाट्या अन् बैलगाडीचे नंबर रंगवायचे हे म्हाईत होतं, पण टॉकीजच्या पडद्यावर जाहिरात दाखवायच्या ह्या काचा, म्हणजे स्लाइडी, करायचे हे घरात कुणी बोललंच नव्हतं कधी.

एक एक सांगतो. एक दात बसवणाऱ्याची आहे, मोठ्ठं हसणारं तोंड काढलंय, मी मोजले, वरच्या ओळीत १९ दात आहेत. एक छत्रीच्या दुकानाची, बाई छत्री धरून उभी अन् पाऊस छत्रीच्या आतबी पडायलाय. एक मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) आडत दुकानाची, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याची, त्यात बैल असा हसायलाय की जसं त्यालाच मालाचे पैसे मिळालेत. वर मराठीत 'शेतकरी बांधवांनी एकवार अवश्य भेट द्यावी' अन् खाली उर्दूत एक ओळ, ती मला वाचता येत नाही, फोटो टाकलाय.

आता घोळ सांगतो. हौसेनं बैलाची काच ओल्या फडक्यानं पुसली तर बैलाचा मागचा एक पाय फडक्यावर आला. तेव्हापासून डब्याला हात लावला नाही. तर ह्या कशा साफ करायच्या, कुठं ठेवायच्या? अन् दुसरं म्हणजे, मला ह्याचं येवढं वेड का लागलंय कळेना. चार रात्री झाल्या, जेवण झालं की जुन्या जाहिराती अन् जुने पिक्चरच बघत बसलोय, बायको म्हणायली म्हातारे झालात. मला त्यातल्या चुकाच जास्त आवडायल्यात. तुम्हालाबी असं होतं का?

रीळवाले_काका:

भाऊ, आधी ते फडकं खाली ठेवा!

मी जालन्याकडं एका टॉकीजात १४ वर्षं ऑपरेटर होतो, ह्या काचा हातातून शेकड्यानं गेल्यात म्हणून सांगतो. त्या एका काचेच्या नसतात, दोन असतात, मधी रंग, अन् कडेची पट्टी त्या दोघींना धरून ठेवते. तुमच्या बैलाची वरची काच कधीतरी निघून पडली असणार, म्हणून रंग उघडा पडला अन् पाय गेला. बाकीच्यांची पट्टी तेवढी उकलू नका.

मेन मशीनच्या बाजूला एक छोटं स्लाइडचं मशीन असायचं, त्यात दोन खाचांची लाकडी पट्टी, एक काच पडद्यावर असली की दुसरी बदलायची. गंमत अशी की काच उलटी घालावी लागती, डोकं खाली पाय वर, तरच पडद्यावर सरळ दिसती. नवीन पोरगं ठेवलं की पहिल्या दिवशी हमखास सगळं गाव उलटं दाखवायचं अन् पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्तातल्या जागेतून, शिट्ट्या.

अन् लोकांना ह्या जाहिराती तोंडपाठ का असायच्या त्याचं कारण सांगतो. कधी कधी एकच प्रिंट दोन गावांत चालायची. तिकडं एक रीळ संपलं की सायकलवर किंवा यष्टीनं इकडं. हजार फुटाचं रीळ म्हणजे पडद्यावर ११ मिनिटं, आमच्याकडं डबल रिळं असायची, तरी वीस-बावीस मिनिटांत संपणारच. पुढचं आलं नाही की पब्लिक खुर्च्या आपटायला लागतं. मग काय, लाव स्लाइडी. तेच कापड दुकान, तोच चष्मेवाला, तीन तीन वेळा. एकदा तर पाऊण तास. त्या दिवशी हिरोपेक्षा चष्मेवाल्याला जास्त टाळ्या पडल्या.

कोरी काचबी ठेवलेली असायची, दिव्यावर धरून काजळी चढवलेली. त्यावर काडीनं लिहायचं, अमक्या गावच्या तमक्या पाटलांनी ताबडतोब बाहेर यावे. पडद्यावर काळ्यात पांढरं अक्षर उमटलं की सगळं थेटर मागं वळून बघायचं, कोण उठतंय म्हणून. बाई अडली असंल नाहीतर बैल मेला असंल.

मेन मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांचं तर विचारू नका. दोन कांड्यांमधी ठिणगी पेटती त्या उजेडावर सगळा खेळ, कांडी जळत जाती तसं अंतर हातानं सारखं करावं लागतं. डोळा लागला की पडदा पिवळा, अन् पडदा पिवळा झाला की मालकाच्या शिव्या.

अजिंठ्याची_मैना:

काकांचं वाचून मजा आली. 🙏 मी संभाजीनगरला असते, जुने फोटो अन् कागद जपण्याचं थोडंफार शिकलेय, त्यावरून सांगते.

पाणी नको, काच पुसायचं निळं लिक्विड तर अजिबात नको, फुंकरसुद्धा मारू नका कारण थुंकीचे बारीक थेंब जातात. चांगला मऊ ब्रश घ्या, मेकअपचा नवा कोरा चालेल, अन् फक्त बाहेरच्या काचेवरची धूळ झाडा. काच कडेनंच धरायची. प्रत्येक काच साध्या पांढऱ्या, न छापलेल्या कागदात गुंडाळायची, प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट हवा आत कोंडून बुरशी येते. डब्यात आडव्या रचू नका, वरच्यांचं वजन खालच्यांवर येतं, कडेवर उभ्या ठेवा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या ठेवतात तशा. बैलाच्या काचेवर त्याच मापाची साधी काच ठेवायची असेल तर दोघींच्या मधे कडेनं कागदाची पट्टी द्या, रंगाला काच टेकायला नको.

अन् दादा, नव्या स्लॅबच्या वरच्या खोलीत नका ठेवू. मे महिन्यात आपल्याकडं स्लॅब तापून भट्टी होते. तुमचं माळवदच बरं होतं खरं तर, मातीचा थर असल्यामुळं आत गार राहायचं, म्हणूनच इतकी वर्षं टिकल्या असतील. आता खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली जागा बघा.

फोटो काढायचे तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, काच त्याच्यापासून चार बोटं पुढं धरायची (चिकटवली तर स्क्रीनच्या रेघा दिसतात), खोलीत अंधार करायचा अन् मोबाईलनं काढायचा. पुण्याला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, १९६४ चं, तिथं नुसते पिक्चर नाही तर पोस्टर, गाण्यांची चोपडी असलं सगळं जपतात. त्यांना फोटो पाठवून विचारून बघा. देऊन टाका असं म्हणत नाही हं, घरातली वस्तू आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर मला वाटतं तेव्हा जाहिरात करणाऱ्याकडं वेळ होता अन् लाज कमी होती. 😄 लिरिल साबणाची धबधब्यातली पोरगी आठवते का, ती १९७५ ची, अन् दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, म्हणजे ती बाई आधी मोठ्या पडद्यावरच नाचली असणार. म्हणून त्या जाहिराती बारक्या पिक्चरसारख्या वाटतात.

कडू_काढा:

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं उलटं बोलतो, राग मानू नका.

जुनं ते सोनं म्हणताना आपण सोनं तेवढं आठवतो. त्याच पडद्यावर बिडी-सिगरेटच्या जाहिराती लेकराबाळांसमोर चालायच्या, २००३ चा कायदा आल्यावर त्या थांबल्या. काळ्या पोरीचं लग्न जमत नाही, मग ती क्रीम लावती अन् जमतं, हे किती वर्षं बघितलं आपण! माझ्या मोठ्या बहिणीनं ती ट्यूब आईपासून लपवून ठेवली होती. त्यामुळं मला त्या गोड वगैरे वाटत नाहीत.

ललिताजीचं मात्र मी मानतो. कविता चौधरीनं केलेली सर्फची बाई. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कुणाला हसून न दाखवणारी. निर्मा स्वस्तात विकून गिऱ्हाईक पळवायला लागली त्यावर ते उत्तर होतं, अन् ती करणारे अलेक पदमसी सांगायचे की ही बाई त्यांनी स्वतःच्या आईवरून घेतली. आमच्या घरात मात्र ललिताजीचं ऐकून कौतुक केलं अन् आणली निर्माच. परवडत नव्हतं हो.

गावच्या पेंटरच्या काचांची गोष्ट वेगळी. तिथं खोटं बोललं तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून विचारता यायचं.

चिंचोलीचा_बाळ्या:

कडू काढा भाऊ बरोबर हाय पण एवढं सिरियस नका घेऊ 😂

मला तर चुकांचे पिक्चरच आवडतात. लहानपणी माळेगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायचो, खाली वाळू, बाया एकीकडं गडी एकीकडं, अन् तंबूच्या फटीतून वारं आलं की पडदा फुगायचा, मग हिरॉइन क्षणात जाड क्षणात बारीक. व्हिलनच्या तोंडावर सुरकुती पडली की आम्ही हसून मरायचो.

अन् एक भारी गोष्ट, लिज्जतच्या जाहिरातीतला तो हसणारा ससा अन् झपाटलेला मधला तात्या विंचू बाहुला (पिक्चर १९९३ चा), दोघंबी बोलक्या बाहुल्यावाल्या रामदास पाध्यांच्या घरचे. ज्या सशाला बघून पापड मागायचो त्याच्याच भावाला बघून रात्री लघवीला एकटं जायची हिंमत व्हायची नाही.

अजून मागं जा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या लंकादहन मधे राम बी अण्णा साळुंके अन् सीता बी अण्णा साळुंकेच! एकच माणूस. स्वतःच स्वतःच्या विरहात. त्याच्याबी आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं शूट केलं अन् ती फिल्म दाखवून पैशावाल्याला पटवलं. आता सांगा, आज कुणी वाटाणा दाखवून पैसे मागायला आला तर आपण उभं करू का दारात?

नांदेडकर_भाईजान:

आदाब. उर्दूची ओळ वाचली, दोनदा वाचली, मग अब्बांना दाखवली, तेव्हापासून आमच्या घरात सगळे हसायलेत.

व्यापाऱ्याला लिहायचं असणार 'तोल पूरा, हिसाब साफ'. म्हणजे वजन पुरं, हिशेब चोख. आडत दुकानाला शोभणारी ओळ. आता उर्दूत 'तोल' लिहिताना पहिल्या अक्षराच्या वर दोन नुक्ते, म्हणजे टिंबं, द्यावे लागतात. तुमच्या काचेवर वर काहीच नाही, खाली एक नुक्ता आहे. मग तो 'त' राहत नाही, 'ब' होतो. म्हणजे पडद्यावर गावानं वाचलं 'बोल पूरा, हिसाब साफ'. नुसती बडबड पुरी अन् हिशेब साफ, म्हणजे सफाचट म्हणा की! 😂

फोटो मोठा करून बघितला, नुक्ता पुसून खाली आलेला नाही, रंग भरून ठसठशीत दिलेला आहे. अब्बा म्हणाले पेंटरला उर्दू येत नसेल, कुणी चिठ्ठी दिली असेल त्यावरून बिचाऱ्यानं चित्र काढल्यासारखं उतरवलं. आपला मुलूख १९४८ च्या पोलिस ॲक्शनपर्यंत निजामाकडं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, त्यामुळं पुढंही कित्येक वर्षं बाजारात उर्दू वाचणारे भरपूर होते. म्हणजे हे वाचून हसणारेही भरपूर असणार. त्या आडत्याचं काय झालं असेल कोण जाणे.

गंगाकाठचा_गडी:

सगळ्यांचे लई आभार. मैनाताई, ब्रश आणलाय, काचा कागदात गुंडाळून खाली आजीच्या खोलीत उभ्या ठेवल्यात. काका, दातवाल्याच्या काचेमागून टॉर्च मारून चुन्याच्या भिंतीवर पाडायला गेलो, नुसता लाल डाग पडला, तोंड काही उमटंना, भिंग लागतं म्हणायलेत. कडू काढा भाऊ, तुमच्या बहिणीचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ, खरंय ते.

भाईजान, तुमचं उत्तर आजीला वाचून दाखवलं. आजी ८८ ची आहे, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगितलं. तर म्हणायली, "त्यो आडत्या व्हय? त्यानं तुझ्या आजाचे पाट्या रंगवायचे पैसे बुडवलते. दोन वरीस चकरा मारल्या."

मी म्हणलं मग ही काच का करून दिली? तर म्हणे टॉकीजवाल्यानं सांगितली म्हणून दिली.

मग विचारलं, आजोबांना उर्दू येत नव्हतं ना? तर आजी माझ्याकडं असं बघायली की जसं मीच येडा. म्हणाली, "येत नव्हतं कसं? पोलिस ॲक्शनच्या आधी तहसिलीच्या दारात बसून लोकायचे अर्ज कोण लिवून द्यायचं मग?"