मदत हवी आहे : ५० पौंडांचे तीन वेगळे आकडे, कोणता बरोबर? (अर्जंट)

रावपुराकर : आजोबांचा हिशोबाचा चोपडा सापडला, लाल कापडी, दोरीवाला. त्यात तीन ठिकाणी ५० पौंड लिहिलेत. पुढे एकदा ६६६, एकदा १०५०, एकदा ९००. पौंड तेवढेच, रुपये तीन प्रकारचे. खरा भाव कोणता? रविवारी सगळे वडोदऱ्यात जमतायत, त्याआधी पाहिजे. माहीत असेल त्यांनीच लिहा, अंदाज नकोत.

घाईत_नाही : साल?

अलकापुरीची_ताई : पौंड आता शंभराच्या वर गेलाय. माझा भाचा लीड्सहून अ‍ॅपवरून पाठवतो, चहा होईपर्यंत खात्यात जमा. बँकेच्या नादी लागू नका.

रावपुराकर : ताई, आजचं नाही हो विचारत. साल लिहिलेलं नाही. फक्त ६६६ च्या पुढे १०-८ आहे, म्हणजे १० ऑगस्ट. बाकी दोन नोंदींना तारीखच नाही.

मांडवी_दरवाजा : त्या काळी परदेशी पैसे पाठवणं म्हणजे खेळ नव्हता. रिझर्व्ह बँकेची परवानगी, अर्ज, कारण, खेटे. आजोबांनी ती घेतली होती का ते आधी बघा. नसेल तर चोपडा चारचौघांत काढू नका.

रावपुराकर : पाठवले नाहीत, आले! धाकटे आजोबा लंडनला होते, ते घरी पाठवायचे. आजोबा इथे लिहून ठेवायचे.

मांडवी_दरवाजा : मग हे पहिल्या ओळीत नको का सांगायला?

निवृत्त_रोखपाल : तिन्ही बरोबर आहेत. भागून बघा. ६६६ ला ५० ने भागा, १३ रुपये आणि वर थोडं. १०५० म्हणजे २१. ९०० म्हणजे १८. तिन्ही सरकारी भाव आहेत, फक्त काळ वेगळा. १९२७ साली रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधला, म्हणजे १८ पेन्स. पौंडात पेन्स २४०. २४० भागिले १८, आले १३.३३. हा भाव १९६६ पर्यंत हलला नाही. १९४९ च्या सप्टेंबरात पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला, पण रुपयाही त्याच्याबरोबर तेवढाच उतरला. म्हणून आपल्याकडे डॉलर महागला, पौंड जिथल्या तिथे.

जुनी_नाणी : १ शिलिंग ६ पेन्सवर तेव्हा केवढं रण माजलं होतं! चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी एकट्याने वेगळं मत नोंदवलं, त्यांना १ शिलिंग ४ पेन्स हवा होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये. रुपया महाग ठेवला की बाहेरचा माल स्वस्त पडतो आणि आपल्या कापसाला, गिरण्यांना फटका. आणि आपल्या बडोद्याचा बाबाशाही रुपया तर इंग्रजी रुपयाहून स्वस्त चालायचा, त्याचा वटाव वेगळा. माझ्याकडे दोन आहेत. कोणाला बघायचे असतील तर सांगा.

घाईत_नाही : नाणी नंतर. २१ आणि १८ चं काय?

निवृत्त_रोखपाल : ६ जून १९६६, रुपयाचं अवमूल्यन. डॉलर ४.७६ वरून ७.५०, पौंड १३.३३ वरून २१. तुमची १०५० ची नोंद त्यानंतरची. मग १८ नोव्हेंबर १९६७ ला इंग्लंडनेच पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर उतरवला. या वेळी आपण मागे गेलो नाही, ७.५० वरच राहिलो. २.४० गुणिले ७.५०, पौंड १८ रुपये. म्हणून ९००.

सूरसागर_काठ : १९६६ ला सरळ ५७.५ टक्के घसरवला रुपया. अमेरिकेने मदत रोखली, वर्ल्ड बँकेने कान पिळला, आपण मान डोलावली.

निवृत्त_रोखपाल : ३६.५ टक्के.

सूरसागर_काठ : ५७.५. त्या वेळची वर्तमानपत्रं वाचलीत मी.

निवृत्त_रोखपाल : डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला, रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. शंभराची वस्तू दीडशेला झाली म्हणून तुमची नोट निम्मी होत नाही. आणि १९६५ चं युद्ध, त्यावर दुष्काळ, तिजोरीत परकीय चलन नाही, हे कोण बोलणार? सचिंद्र चौधरी अर्थमंत्री होते, त्यांनी काय हौसेने केलं?

सूरसागर_काठ : हौस नव्हती, हिंमत नव्हती.

अलकापुरीची_ताई : राजकारण नको. त्यांना रविवारी द्यायचंय.

रावपुराकर : थांबा. ९०० ची नोंद शेवटची असेल तर रुपया पौंडापुढे वर गेला? असं कधी होतं का? आणि १० ऑगस्टचं काय? खरं सांगतो, भांडण आहे. चुलतभाऊ म्हणतो, आधी १०५० लिहिले मग ९००, मधले दीडशे तुमच्या आजोबांनी खाल्ले.

घाईत_नाही : हे तिसऱ्या दिवशी सांगताय. त्या १०-८ चा फोटो टाका.

रावपुराकर : टाकलाय. ६६६-१०-८.

निवृत्त_रोखपाल : अहो, ही तारीख कसली! ६६६ रुपये, १० आणे, ८ पै. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. पौंडाचा भाव १३ रुपये ५ आणे ४ पै. पन्नासने गुणा : १३ चे ६५०. ५ आण्यांचे २५० आणे, म्हणजे १५ रुपये १० आणे. ४ पैचे २०० पै, म्हणजे १ रुपया ८ पै. बेरीज करा.

रावपुराकर : ६६६-१०-८. पैसुद्धा जुळली.

जुनी_नाणी : नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. नोंद त्याआधीची असणार, नाहीतर आजोबा माझ्या वडिलांसारखे. ते त्यानंतरही कित्येक वर्षं आणेच मोजायचे.

रावपुराकर : धाकटे आजोबा १९५५ ला लंडनला गेले. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षाचीच असेल. म्हणजे ९०० मध्ये कोणी काही खाल्लं नाही, पौंडच पडला. हेच छापून लावतो दारावर.

निवृत्त_रोखपाल : दारावर लावण्याआधी एक. तिन्ही आकडे अगदी सरकारी भावाचे, एक पै इकडे नाही की तिकडे. बँक घेताना थोडा कमी भाव देते, वर कमिशन. बँकेतून आलेले पैसे इतके गोल नसतात. तेव्हा हा आजोबांनी घरी बसून मांडलेला हिशोब आहे, हातात किती पडले ते नव्हे. दीडशेचा आरोप यातून उडतो, पण भाऊ चार-पाच रुपयांवर आला तर चोपडा कामाचा नाही. बँकेची चिठ्ठी असेल तर शोधा, त्या काळी पानाला टोचून ठेवायचे.

रावपुराकर : ९०० च्या पानाला टाचणी आहे, गंजलेली. कागद नाही. भावाला धागा पाठवलाय, तोच येईल आता भांडायला.