‘वेळ द्यावा’ की ‘वेळ द्यावी’? पत्त्यांच्या खेळातील पाळी, अवधी आणि मुभा

प्रश्न : दोघांनी समोरासमोर बसून खेळायच्या एका पत्त्यांच्या खेळाचे नियम मी मराठीत उतरवीत आहे. त्यात ‘आपली पाळी संपविण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला प्रतिसादासाठी वेळ द्यावा’ असे वाक्य मी लिहिले आणि पहिल्याच डावात त्यावरून वाद झाला. एका खेळाडूने मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि पुढचे पान उचलले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ‘मी नाही म्हणेपर्यंत माझी वेळ जातच नाही.’ दोघांनीही माझ्याच वाक्याचा आधार घेतला. येथे अवधी, मुदत, अवसर, संधी, मुभा यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘प्रतिसाद’ हा शब्द तरी बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर दडलेले आहे. नियमात आपण ‘वेळ द्यावा’ असे लिहिलेत, तक्रार करणाऱ्याच्या तोंडी मात्र ‘माझी वेळ’ आली. ‘वेळ’ हा शब्द मराठीत दोन्ही लिंगांत चालतो, पण लिंग बदलले की अर्थही बदलतो. ‘तो वेळ’ म्हणजे काळाची लांबी : किती वेळ गेला, थोडा वेळ थांबा. ‘ती वेळ’ म्हणजे काळातले नेमके ठिकाण किंवा प्रसंग : निघायची वेळ झाली, वेळ टळली, अशी वेळ कोणावर येऊ नये. ‘भेटीसाठी वेळ दिला’ यात किती मिनिटे ते आहे, तर ‘भेटीची वेळ दिली’ यात किती वाजता ते आहे. (मूळ संस्कृत ‘वेला’ स्त्रीलिंगी आहे आणि मर्यादा, किनारा हेही तिचे अर्थ आहेत, स्त्रीलिंगी ‘वेळ’मध्ये काठाची ती छटा अजून टिकून आहे, असे मला वाटते.) पाच मोजणाऱ्याने पुल्लिंगी अर्थ घेतला, अडून बसलेल्याने स्त्रीलिंगी. लबाडी कोणीच केली नाही.

पत्त्यांच्या खेळांत हे दोन्ही प्रकार खरोखरच वेगवेगळे आढळतात. पोकरच्या स्पर्धांत प्रचलित असलेल्या नियमांनुसार एखादा खेळाडू फारच विचार करीत बसला, तर त्याच्यावर घड्याळ लावण्याची मागणी करता येते. मग त्याला २५ सेकंद आणि त्यानंतर मोठ्याने मोजलेले ५ सेकंद मिळतात, आणि समोर पैज उभी असताना तेवढ्यात निर्णय झाला नाही तर त्याचा हात बाद होतो. हा निखळ पुल्लिंगी वेळ आहे. याउलट ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या १९९३ सालच्या खेळात, १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर आलेल्या पद्धतीप्रमाणे, खेळलेल्या पानाचा परिणाम लगेच होत नाही, ते चळतीवर ठेवल्यासारखे थांबते, काही करण्याचा हक्क आळीपाळीने प्रत्येकाकडे जातो, आणि मध्ये कोणीही काही न करता सर्वांनी ओळीने तो हक्क सोडला तरच चळतीतले सर्वांत वरचे पान लागू होते. या नियमात सेकंदांचा उल्लेखच नाही. तेथे वेळ येते आणि जाते ती खेळाडूंच्या कृतीने. मुद्दाम रेंगाळणाऱ्यासाठी स्पर्धांमध्ये वेगळा नियम असतो, आणि तो वेगळा असणे हेच मला शहाणपणाचे वाटते.

चौघांनी दोन जोड्यांत खेळायच्या ब्रिजमध्ये गुंतागुंत आणखी वाढते, कारण तेथे घेतलेला वेळ स्वतःच बोलतो. बोली लावताना भिडू नेहमीपेक्षा जास्त थांबला, तर त्याचा हात ‘पास’ म्हणण्याइतका सरळ नाही, हे समोर बसलेल्याला कळते. म्हणून नियम असे सांगतात की नुसते रेंगाळणे हा गुन्हा नाही, परंतु त्या रेंगाळण्यातून मिळालेल्या माहितीचा फायदा भिडूने घेता कामा नये, आणि प्रतिस्पर्ध्याला फसविण्यासाठी मुद्दाम रेंगाळणे मात्र गैर आहे. एखाद्याने मधल्या पायऱ्या ओलांडून उंच बोली लावली की पुढच्या खेळाडूने, हातात काही असो वा नसो, सुमारे १० सेकंद थांबावे, असा दंडकही याच कारणाने आला. सगळेच थांबले म्हणजे थांबण्याचा अर्थ उरत नाही. तेथे वेळ दिला जात नाही, घ्यावाच लागतो. मराठीत ‘वेळ देणे’ आणि ‘वेळ घेणे’ ही क्रियापदे वेगळी आहेत, हे नियम लिहिणाऱ्याने विसरू नये.

आता आपल्या यादीकडे. ‘मुदत’ बाहेरून घातलेली असते आणि तिला देण्याघेण्याचा वास येतो. ‘अवसर’ आजच्या मराठीत सवडीकडे झुकतो. ‘संधी’मध्ये लाभाची कल्पना आहे आणि ‘संधी साधणे’ यात किंचित आरोपही आहे. मोजता येणाऱ्या काळासाठी ‘अवधी’ नेमका बसतो. राहिली स्त्रीलिंगी वेळ; तिच्यासाठी मी ‘मुभा’ सुचवीन. हा शब्द अरबी ‘मुबाह’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ परवानगी असलेले, पण बंधनकारक नसलेले, असा आहे. प्रतिस्पर्ध्याची स्थिती हुबेहूब हीच असते : तो काही करू शकतो, पण त्याने केलेच पाहिजे असे नाही.

‘प्रतिसाद’ मात्र बदलावा. साद आधी आणि प्रतिसाद नंतर, असा क्रम त्या शब्दातच आहे. ज्या खेळात नंतर खेळलेले पान आधी लागू होते, तेथे वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ उडेल. मूळ खेळी पुरी होण्याआधीच तिच्यात ‘मोडता घालणे’ हा आपला जुना वाक्प्रचार अशा ठिकाणी चपखल आहे. मोडता नंतर घालता येत नाही.

शंका : ‘मुभा’ हा शब्द मला परिपत्रकातला वाटतो. खेळताना कोणी ‘मी आपणास मुभा देतो’ असे म्हणणार नाही. शिवाय मुभा सोडण्यासाठी आपण कोणता शब्द वापरणार? सगळीकडे ‘पास’ चालतोच.

उत्तर : आपली हरकत रास्त आहे. नियमात ‘मुभा’ असावी आणि खेळताना ‘तुमचे काही आहे का?’ असे विचारावे. नियमातला आणि तोंडातला शब्द एकच असण्याची गरज नाही. विचारण्याची जबाबदारी कोणावर आहे, एवढे मात्र नियमाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘पास’बद्दल सावध राहावे. ब्रिजमध्ये एकदा पास म्हटलेला खेळाडू, बोली चालू असेपर्यंत, पुढच्या फेरीत पुन्हा बोलू शकतो; बोली लागल्यानंतर ओळीने तीन पास आले की मगच ती बंद होते. ‘मॅजिक’मध्येही आपण पास म्हटल्यावर दुसऱ्याने काही खेळले, तर हक्क आपल्याकडे परत येतो. पोकरमध्ये पाने टाकून दिलेला खेळाडू मात्र त्या डावापुरता गेला, तो गेलाच; आणि त्यालाही पुष्कळजण ‘पास’च म्हणतात. म्हणून पहिल्या प्रकारासाठी ‘पास’ ठेवावा आणि दुसऱ्यासाठी ‘हात टाकणे’ वापरावे.

मूळ वाक्य मी असे लिहीन : ‘आपली पाळी संपविण्यापूर्वी खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास विचारावे. प्रतिस्पर्ध्यास खेळीत मोडता घालण्याची मुभा आहे. ती तो पास म्हणेपर्यंत राहते. त्याने उत्तर लांबविल्यास ३० सेकंदांचा अवधी लावता येईल व त्यात उत्तर न आल्यास पास समजला जाईल.’ हे ३० सेकंद माझ्या पदरचे आहेत. खेळ पाहून आकडा बदलावा.

प्रश्नकर्ता : वाक्य घेतले. एकच राहिले. न विचारता पुढचे पान उचलले, तर काय लिहावे?

उत्तर : ‘न विचारता उचललेले पान मुभा संपवीत नाही.’ उचललेले पान न पाहता गड्डीवर परत ठेवावे, आणि पाहिले गेले असल्यास ते परत जावे की उघडे राहावे याची निवड प्रतिस्पर्ध्याला द्यावी. ब्रिजमध्ये पाळी नसताना कोणी उतारी केली, म्हणजे फेरीचे पहिले पान टाकले, तर ती मान्य करायची की नाही, हे प्रतिपक्ष ठरवितो. तेच तत्त्व येथे चालेल. या चुकीला ‘घाई’ म्हणू नये, कारण घाई पाळी असतानाही होते. ‘पाळी ओलांडणे’ म्हणावे.