शब्दचर्चा: ‘जागतिकीकरण’ नेमकं कुठे वापरावं?

महालकर: ‘खाउजा’ म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. तिन्ही शब्द एका दमात म्हटले जातात. ‘जागतिकीकरणामुळे विदर्भात कापसाचे भाव पडले’ या वाक्यात शब्द बरोबर बसतो का? आणि ‘जागतिकरण’ चालेल का?

धरमपेठकर: ‘जागतिकरण’ चूकच. शुद्धचं शुद्धीकरण, एकचं एकीकरण, तसं जागतिकचं जागतिकीकरण. ‘की’ गाळता येत नाही. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरात ‘वैश्वीकरण’ही ऐकू येतं, अर्थ तोच.

खाउजातले तिन्ही मात्र वेगळे. उदारीकरण सरकार करतं आणि त्याला तारीख असते: 24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवान्याची अट उठली. खासगीकरणात मालकी बदलते. जागतिकीकरण म्हणजे माल, पैसा, माणसं यांचे व्यवहार देशांच्या सीमा ओलांडून जोडले जाणं; ते या दोन्हींशिवायही होतं. 1861–65 च्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडचा माल उचलला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. व्यवहार जुना, शब्द नवा.

हिंगणघाटकर: कापसाचं वाक्य तपासायचं तर हिशेब करा. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई (बी काढलेला कापूस) निघते, 64 किलो सरकी (कापसाचं बी), बाकी घट. न्यूयॉर्कच्या वायद्यात (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. समजा 80 सेंट आणि डॉलर 85 रुपये. म्हणजे रुई किलोला दीडशे रुपये, 356 किलोची खंडी सुमारे 53,400, आणि क्विंटलभर कापसातली रुई 5,100 रुपयांची. भाव एका सेंटने हलला की क्विंटलमागे 64 रुपयांचा फरक, डॉलर एका रुपयाने हलला की 60 रुपयांचा. एवढं खरंच जागतिकीकरण. सरकीचा भाव यात धरू नका, तो बराचसा इथल्या तेल-ढेपेच्या मागणीवर ठरतो. गल्लत बहुधा इथेच होते.

आता दुसरी बाजू. 2021 मध्ये कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क बसलं. ऑगस्ट 2025 मध्ये ते माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. भाव त्याने उतरला असेल तर ‘शुल्कमाफीमुळे’ असंच लिहा. ‘जागतिकीकरणामुळे’ लिहिलं की निर्णय घेणारा वाक्यातून गायब होतो, आणि शेतकऱ्याने जाब कोणाला विचारायचा तेच कळत नाही.

खामलेकर: जागतिकीकरणाचा प्रकारही सांगावा लागतो, कारण माल, पैसा आणि माणसं एका वेगाने सीमा ओलांडत नाहीत. रुपया देशाच्या चालू खात्यावर, म्हणजे माल-सेवांच्या व्यवहारांसाठी, 1994 पासून परिवर्तनीय (परकीय चलनात बदलता येणारा) आहे, भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणूक-कर्जांसाठी, अजून मर्यादा आहेत. माणसाला तर बहुतेक ठिकाणी व्हिसा लागतो. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात बसून परदेशी ग्राहकाचं सॉफ्टवेअर लिहिणं ही सेवांची निर्यात. त्याला स्थलांतर म्हणता येणार नाही.

महालकर: मग ‘आयात शुल्क माफ झाल्यावर भाव उतरले’ असं लिहितो.

हिंगणघाटकर: ‘झाल्यावर’ने फक्त क्रम कळतो. ‘झाल्यामुळे’ लिहायचं असेल तर त्याच आठवड्यांतला न्यूयॉर्कचा भाव आणि डॉलरचा दर शेजारी मांडा.