मदत हवी आहे: घरफोडीच्या शिक्षेवर अपील, आणि 80,000 ची भरपाई

माझ्या धाकट्या भावाला तालुक्याच्या कोर्टात घरफोडीत शिक्षा लागली. भा.दं.वि. 457 आणि 380 खाली दोन वर्षं, 5,000 रुपये दंड, शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357(3) प्रमाणे फिर्यादीला 80,000 नुकसानभरपाई. खटला 2021 चा. तो वायरिंगची कामं करतो. चोरीच्या महिनाभर आधी त्या घरात त्याने पंख्याचे पॉइंट काढून दिले होते, संशय तिथून आला. खटलाभर जामिनावर होता म्हणून अपिलासाठी 30 दिवस शिक्षा स्थगित आहे. त्यातले 12 गेले.

पुरावा एकच, चोरीनंतर पाच महिन्यांनी सापडलेलं गंठण. पोलीस म्हणतात, यानेच आमच्या पाण्याच्या टाकीमागून काढून दिलं. ती टाकी चार बिऱ्हाडांची सामाईक आहे, उघड्या बोळात. एक पंच फितूर झाला. दुसरा उलटतपासणीत म्हणाला, सही पोलीस ठाण्यात केली. फिर्यादीत गंठण 12 ग्रॅमचं आहे, जप्ती पंचनाम्यात 9.400 ग्रॅम. निकालपत्र मी तीनदा वाचलं, वजनाबद्दल त्यात एक ओळ नाही.

आईला झोप नाही. गावात सांगतात, अपील केलं की शिक्षा वाढते. खरं आहे का? आणि भरपाई भरली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? एवढे पैसे आज घरात नाहीत.

प्रतिसाद

ताई, आधी तारीख सांभाळा. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज द्या आणि त्यात भरपाईच्या आदेशालाही स्थगिती मागा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अपिलाचं कलम 415 आहे, स्थगितीचं 430.

आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. आईंना हे आजच सांगा.

भरपाईचा आदेश मला चुकीचा वाटतो. 357(3) ची भरपाई शिक्षेत दंड नसेल तेव्हाच देता येते. दंड असेल तर भरपाई त्या दंडातूनच, 357(1) खाली. तुमच्याकडे दोन्ही लावलंय. हा मुद्दा अपिलात स्वतंत्र मांडा. पैसे भरणं म्हणजे कबुली नव्हे. भरावेच लागले तर ‘हक्क राखून’ असं लिहून भरा.

पुराव्यात टाकी आणि वजन, दोन्ही धरून ठेवा. आरोपीने सांगितल्यावरून माल सापडला असं म्हणायचं तर पुरावा कायद्याच्या कलम 27 मध्ये जागा फक्त आरोपीलाच माहीत होती हे दिसावं लागतं, आणि उघड्या बोळात कोणीही काहीही ठेवू शकतं. चोरीचा माल लगेच सापडला तर यानेच चोरी केली असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पण पाच महिन्यांनी ते गृहीतक फार लंगडं पडतं.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

धागाकर्ती

खूप आभार. टाकीचे फोटो काढून अपिलाला जोडू का?

प्रतिसाद

नवा पुरावा अपिलात सहज घेत नाहीत, वेगळा अर्ज लागतो. त्याआधी पंचनाम्यात जागेचं वर्णन काय लिहिलंय ते बघा. ‘सामाईक बोळ’ असा शब्द तिथे असेल तर फोटोंची गरजच नाही.