मदत हवी आहे: नववीच्या वर्गाला ‘टू सर, विथ लव्ह’ दाखवायचाय

नमस्कार भाऊ-ताईंनो. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात जूनपासून नववीला शिकवतेय. वर्ग दांडगा आहे, मागच्या बाकांवरची पोरं अजून मला जोखतायत. कापूस वेचणी लागली की निम्मी येतच नाहीत.

त्यांना १९६७ चा हा सिनेमा दाखवायचाय. सिडनी पॉइटिए त्यात शिकलेला इंजिनिअर, पण नोकरी मिळत नाही म्हणून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मास्तर होतो. पोरं छळतात, एक दिवस त्याचा तोल सुटतो. मग तो पुस्तकं कचऱ्यात टाकतो आणि त्यांना मोठ्या माणसांसारखं वागवू लागतो. मुलींना ‘मिस’ म्हणायचं, मुलांना आडनावानं हाक मारायची! साने गुरुजींच्या अमळनेरात हे मुलांना पटेल, असं मला मनापासून वाटतं.

अडचण भाषेची. घरी सगळी अहिराणी बोलतात. हिंदी किंवा मराठी सबटायटल कुठे मिळतील? सिनेमातल्या संग्रहालयाच्या सहलीत नुसतं गाणं आणि फोटो आहेत, ते सबटायटलशिवाय चालेल. पण पुस्तकं टाकण्याच्या प्रसंगाचे संवाद कुणी अहिराणीत करून द्याल का? आणि तास ३५ मिनिटांचा, सिनेमा पावणेदोन तासांचा, कुठे तोडू?